लूथर आणि त्यांची कन्या माग्दालेना

तरुणाच्या अकस्मात मरणासारखा कठीण प्रसंग पाळकाच्या कामात दुसरा नाही. वृद्ध मनुष्य प्रभूमध्ये निजला म्हणजे घरच्यांस दुःख होतेच. तथापि पिकलेले कणीस धन्याने कापून नेले असे म्हणून मनाची समजूत घालता येते. परंतु जो मुलगा सकाळी बैल घेऊन हिंडत-खेळत शेतावर गेला, त्यास दुपारी चार माणसे बाजेवर घालून घरी आणतात, तेव्हा काय बोलावे? कणीस तर अजून हिरवे होते.

अशा घरी बाप एकच गोष्ट पुनःपुन्हा बोलतो: मी त्यास त्या दिवशी पाठविले नसते तर! आई काही विचारीत नाही, ती रडते. आणि मंडळीतील भली माणसे तिच्याभोवती बसून सांगतात की, ख्रिस्ती मनुष्याने असे रडू नये, लेकरू प्रभूजवळ गेले आहे. आम्ही नवीन पाळक असता एका मातेस हेच सांगितले. तिने आमच्यादेखत पदराने डोळे पुसले, आणि त्यानंतर पुष्कळ महिने ती आमच्याशी मनातले काही बोलली नाही. आमचे शब्द खरे होते. परंतु ते अवेळी बोललेले होते, आणि तेवढेच पुरेसे नव्हते.

विश्वास आणि अश्रू ही एका घरात नांदू शकतात काय, या प्रश्नाचे उत्तर आम्हांस पुढे एका थोर पुरुषाच्या चरित्रात सापडले. ते पुरुष म्हणजे मार्टिन लूथर. बादशहासमोर न डगमगता उभे राहिलेले लूथर आपणा सर्वांस ठाऊक आहेत. परंतु आपल्या लेकीच्या बिछान्यापाशी गुडघे टेकून रडणारे लूथर थोड्यांसच ठाऊक आहेत. आज त्यांचीच कथा आम्ही सांगतो.

लूथर यांचा जन्म जर्मनी देशात आइस्लेबेन गावी १० नोव्हेंबर १४८३ रोजी झाला. बाप खाणीच्या धंद्यातला, कष्टाळू व करडा. मुलाने कायद्याचा अभ्यास करून नाव काढावे अशी त्याची इच्छा होती, म्हणून त्याने त्यांस एरफुर्टच्या विद्यापीठात घातले. १५०५ च्या जुलै महिन्याच्या २ तारखेस लूथर घरून एरफुर्टास परत जात असता स्टोटर्नहाइम गावाजवळ मोठे वादळ झाले व त्यांच्या अगदी जवळ वीज पडली. वय अवघे एकवीस. अकस्मात मरण समोर उभे राहिलेले पाहून त्यांनी संत अॅन हिचा धावा केला व वाचलो तर मठवासी होईन असा नवस केला. पंधरा दिवसांनी ते ऑगस्टीन पंथाच्या मठात शिरले. बाप रागावला, पण ते माघारे फिरले नाहीत.

हे लक्षात ठेवण्याजोगे आहे की, ज्यांनी पुढे हजारो लोकांचे मरणाचे भय घालविले, त्यांनी स्वतः मरणाच्या भयानेच मठाचा दरवाजा ठोठावला होता. त्या काळी लोकांस शिकविले जात असे की, बहुतेक आत्म्यांस मरणानंतर शुद्धिस्थानात यातना भोगाव्या लागतात, आणि जिवंत नातलगांनी मिस्सा म्हणवून व क्षमापत्रे विकत घेऊन त्या यातना कमी कराव्या. मेलेले आईबाप अग्नीतून हाका मारीत आहेत असे सांगून क्षमापत्रे विकणारे गावोगाव हिंडत. ज्याचे लेकरू गेले त्या गरिबाच्या काळजाला हे बोलणे किती झोंबत असेल! आपण पुरेसे केले काय, पुरेसा पैसा घातला काय, ही काळजी त्यास जन्मभर सुटत नसे.

लूथर विटेनबर्ग येथे शास्त्राचे अध्यापक झाले. पवित्र शास्त्र वाचता वाचता त्यांस उमगले की, देव आपले नीतिमत्त्व मनुष्यास ख्रिस्ताकरिता फुकट देतो, व ते विश्वासाने घ्यावयाचे असते. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी त्यांनी क्षमापत्रांविरुद्ध ९५ सिद्धांत पुढे मांडले. १५२१ साली वर्म्स येथील राजसभेत त्यांनी आपले लेख मागे घेण्याचे नाकारले, वार्टबुर्गच्या किल्ल्यात गुप्तपणे राहून नव्या कराराचे जर्मन भाषांतर केले, व ते १५२२ साली छापले गेले. ही हकीकत आपल्या शब्बाथ शाळेतील मुलेही जाणतात, म्हणून आम्ही ती येथे लांबवीत नाही. लूथर निर्दोष होते असेही आमचे म्हणणे नाही. १५२५ साली बंडखोर शेतकऱ्यांविरुद्ध व १५४३ साली यहूदी लोकांविरुद्ध त्यांनी जे कठोर लिहिले, त्याचे समर्थन करता येत नाही. आम्ही येथे संताची पूजा मांडीत नसून एका बापाकडून शिकत आहो.

१३ जून १५२५ रोजी लूथर यांनी काथरीना फॉन बोरा नावाच्या पूर्वीच्या जोगिणीशी लग्न केले. ज्या मठात ते मठवासी होते तेच आता त्यांचे घर झाले. काथरीनाबाई शेत, गुरे व मोठा स्वयंपाक सांभाळीत. पंगतीस नातलगांची अनाथ मुले, विद्यार्थी व पाहुणे असत. देवाने त्यांस सहा लेकरे दिली. पहिली मुलगी एलिझाबेथ १५२७ च्या डिसेंबरात जन्मली आणि पुढल्या ऑगस्टात, आठ महिन्यांचीही झाली नाही तोच वारली. तेव्हा लूथर यांनी एका मित्रास कळविले की, बापाचे काळीज लेकरासाठी इतके मऊ होऊ शकते हे आपणास पूर्वी खरे वाटले नसते. नऊ महिन्यांनी, ४ मे १५२९ रोजी, दुसरी मुलगी झाली. तिचे नाव माग्दालेना. घरी लाडाने लेनखेन.

ही मुलगी एक वर्षाची असता लूथर यांस कित्येक महिने कोबुर्गच्या किल्ल्यात राहावे लागले. काथरीनाबाईंनी लेकीचे चित्र काढवून त्यांच्याकडे पाठविले. चित्र इतके काळसर होते की प्रथम त्यांस ओळखूच येईना. मग त्यांनी ते जेवणाच्या मेजासमोर भिंतीवर टांगले. त्याच सुमारास त्यांचा बाप वारल्याचे वर्तमान आले. लूथर स्तोत्रसंहिता हाती घेऊन आपल्या खोलीत गेले व फार रडले. त्यांचे लेखनिक फाइट डीट्रिख यांनी काथरीनाबाईंस लिहून कळविले की, आपण चित्र पाठविले हे फार चांगले केले, त्याकडे पाहून डॉक्टर पुष्कळ चिंता विसरतात. एका बाजूस गेलेला बाप, दुसऱ्या बाजूस भिंतीवरची तान्ही लेक, मध्ये स्तोत्रसंहिता. दुःखी मनुष्याच्या खोलीत याहून अधिक काय असावे?

पुढील वर्षांत लूथर यांस इतरांच्या लेकरांच्या मरणाशी पुष्कळ वेळा गाठ पडली, कारण विटेनबर्गास दूरदूरचे विद्यार्थी येत व त्यांतील काही तेथेच वारत. १५३२ साली त्सिंक आडनावाचा एक मुलगा असाच आजारी पडून वारला. त्याचा आवाज गोड असे, व लूथर संध्याकाळी त्यास घरी बोलावून गाणे गावयास लावीत. त्यांनी त्याच्या बापास स्वतः पत्र लिहिले. मुलगा कसा प्रिय होता, त्याच्या औषधपाण्यात कशी कसूर केली नाही, तो कसा विश्वासात गेला, हे सर्व सांगितले. आईबापांनी रडू नये असे लिहिले नाही. रडणे योग्यच आहे, परंतु रडून झाल्यावर सांत्वनही घ्यावे, असे लिहिले. आमच्या वाचकांनी हा क्रम ध्यानात घ्यावा. आधी अश्रू, मग सांत्वन. अश्रूंच्या जागी सांत्वन नव्हे.

१५३७ साली त्यांचे शेजारी व स्नेही, प्रसिद्ध चित्रकार लूकास क्रानाख, यांजवर असाच घाला पडला. त्यांचा तरुण मुलगा हान्स हाही चित्रकार होता व विद्येसाठी इटली देशास गेला होता. तो तिकडेच बोलोन्या शहरी वारल्याची बातमी आली. आईबापांचा शोक दुप्पट झाला, कारण आपणच त्यास पाठविले ही टोचणी त्यांस लागली. लूथर त्यांच्या घरी गेले. ते म्हणाले की, असे असेल तर तुमच्याइतकाच दोष माझाही आहे, कारण जावे असा सल्ला मीही दिला होता. परंतु तो मरावा म्हणून आपणांपैकी कोणी त्यास पाठविले नाही.

बंधुजनहो, ज्या बापाने मुलास शेतावर, बाजारास किंवा शहरातील शाळेत पाठविले आणि ज्यास तो परत मिळाला नाही, त्याने हे नीट ऐकावे. चांगल्या हेतूने केलेले काम शेवट वाईट झाला एवढ्यावरून पाप ठरत नाही. आणि जे सांत्वनास जातात त्यांनी हे पाहावे की, लूथर यांनी बाहेर उभे राहून त्या बापास निर्दोष ठरविले नाही. त्यांनी त्याच्या ओझ्याचा निम्मा भाग स्वतःच्या खांद्यावर घेतला, आणि मग ते ओझे खाली ठेवावयास सांगितले.

१५४२ चा सप्टेंबर आला. माग्दालेना तेरा वर्षांची झाली होती. शांत स्वभावाची, आईबापांची लाडकी. ती अंथरुणास खिळली, व थोड्याच दिवसांत ती वाचत नाही असे दिसू लागले. तिचा थोरला भाऊ हान्स हा तोर्गाऊ येथे शाळेत होता, व दोघांची एकमेकांवर फार माया होती. ती भावास पाहावयास झुरत होती. ६ सप्टेंबरला लूथर यांनी त्याच्या गुरुजींस पत्र लिहून गाडी पाठविली, आणि मुलास कारण सांगू नये अशी विनंती केली. भाऊ आल्याने कदाचित तिला हुशारी येईल, आणि आपण काही करावयाचे ठेविले अशी टोचणी पुढे मनास लागू नये, हे कारण त्यांनी पत्रात दिले. क्रानाख यांच्या घरी पाहिलेली ती टोचणी ते विसरले नव्हते.

मरणाच्या आदल्या रात्री काथरीनाबाईंस स्वप्न पडले की, दोन सुंदर तरुण नटूनथटून आले आहेत व मुलीस लग्नास नेऊ पाहत आहेत. सकाळी लूथर यांचे मित्र फिलिप मेलांख्थोन यांनी ते ऐकले व जाणले की ते तरुण म्हणजे देवदूत होत, आणि लग्न स्वर्गातले आहे.

लूथर यांनी मुलीस विचारले की, तुला येथे आपल्या बापाजवळ राहणे आवडेल, की त्या दुसऱ्या बापाकडेही तू आनंदाने जाशील? तिने देवाची इच्छा असेल तसे होवो असे होकाराने उत्तर दिले. बापाने तोंड फिरविले. आपले तिच्यावर किती प्रेम आहे हे ते बोलून गेले, आणि देवाने इतकी कृपा केली असता आपणास मनापासून उपकार मानता येत नाहीत याबद्दल स्वतःवरच रागावले. २० सप्टेंबरला तिचा अंतकाळ आला. लूथर बिछान्यापुढे गुडघे टेकून मोठ्याने रडले व देवाने तिला सोडवावे अशी प्रार्थना केली. ती बापाच्या हातांतच गेली. आई त्याच खोलीत होती, परंतु दुःखामुळे बिछान्यापासून दूर उभी होती.

पेटी आणली ती आखूड भरली. बापास ते पाहवले नाही. तिला पेटीत ठेविल्यावर ते म्हणाले की, ही पुन्हा उठेल व ताऱ्यासारखी, नव्हे सूर्यासारखी चमकेल. आणि लगेच म्हणाले की, ती सुखात आहे हे ठाऊक असूनही इतके दुःख व्हावे हे किती चमत्कारिक! झाकणावर खिळे ठोकू लागले तेव्हा त्यांनी पुनरुत्थानाच्या दिवसाचे स्मरण केले. भेटावयास आलेल्यांस त्यांनी सांगितले की, माझे एक लेकरू स्वर्गात पोहोचले आहे. ज्या जागी पूर्वी शुद्धिस्थानाचे भय व क्षमापत्रांचा बाजार होता, त्या जागी आता हे वचन होते. मुलीसाठी काही विकत घ्यावयाचे राहिले नव्हते. ख्रिस्ताने सर्व दिले होते. त्याच १५४२ साली विटेनबर्ग येथे पुरण्याच्या वेळी गावयाच्या गीतांचा संग्रह छापला गेला. त्याच्या प्रस्तावनेत लूथर यांनी लिहिले की, ख्रिस्ती लोकांनी आपल्या मृतांपाशी भयाची नव्हे, तर क्षमेची, विसाव्याची व पुनरुत्थानाची गीते गावी.

कथा येथे संपली असती, तर आम्ही ती लिहावयास घेतली नसती. खरी शिकवण यापुढेच आहे. तीन दिवसांनी लूथर यांनी युस्टुस योनास या मित्रास पत्र लिहिले. त्यात ते कबूल करितात की, आपण व आपली बायको यांनी अशा धन्य मरणाबद्दल केवळ उपकारस्तुती करावी हे खरे. परंतु मायेचा जोर एवढा आहे की हुंदक्यांवाचून ते होत नाही. तिचा चेहरा, तिचे शब्द, तिचे हालणे-चालणे काळजात रुतून बसले आहे, व ख्रिस्ताच्या मरणाचे चिंतनही ते जितके दूर करावे तितके करीत नाही. म्हणून त्यांनी योनास यांस विनंती केली की, आमच्याऐवजी तुम्हीच देवाचे उपकार माना.

वाचकहो, हा कोण बोलत आहे? ज्याने विश्वासाचा सिद्धांत सर्व युरोपास शिकविला तो. त्यास आपल्या लेकीच्या मरणानंतर तिसऱ्या दिवशी उपकारस्तुती करवेना, आणि त्याने ते लपविले नाही. स्तुती थांबू नये म्हणून ती त्याने मित्राच्या मुखी ठेविली.

दुःखाने लूथर सदा मृदुच राहिले असेही नाही. नाताळाच्या सुमारास हान्स तोर्गाऊ येथे बहिणीच्या आठवणीने व घरच्या ओढीने व्याकूळ झाला, तेव्हा बापाने त्यास अश्रू आवरून अभ्यास करावा असे जरा कडकपणे लिहिले. थोर मनुष्यही स्वतःच्या दुःखास जी सवलत देतो ती कधी कधी मुलास देत नाही. आपल्या घरातही मागे राहिलेल्या भावंडांचे दुःख असेच विसरले जाते. म्हणून हे लिहिणे आम्हांस अवश्य वाटले.

१५४५ साली न्यूरेंबर्गचे उपदेशक ओझिआंडर यांजवर बायको व मुलगी जाण्याचा प्रसंग आला. त्यांस सांत्वनपर लिहिताना लूथर यांनी सांगितले की, माझ्या माग्दालेनाचे मरण मला अजून विसरता येत नाही. ती जाऊन तीन वर्षे होत आली होती.

पुढल्या वर्षी लूथर आपल्या जन्मगावी, आइस्लेबेन येथे, एका तंट्याचा निकाल करावयास गेले असता १८ फेब्रुवारी १५४६ रोजी पहाटे वारले. शेवटच्या घटकेस तेच मित्र योनास त्यांच्याजवळ होते. आपण ज्या ख्रिस्ताचा उपदेश केला त्याजवर विश्वास ठेवून मरता काय, असे त्यांस विचारण्यात आले, आणि त्यांनी स्पष्ट होय म्हटले. साडेतीन वर्षांपूर्वी बापाने लेकीस विचारले होते. आता बापास विचारले गेले. उत्तर दोघांचे एकच.

आता आमच्या खेड्यांतील मंडळ्यांस दोन शब्द. प्रभू येशू बेथानी येथे लाजरास उठविणार होता, तरी त्याच्या कबरेपाशी रडला. नाईन गावच्या विधवेची व याईराची कथाही आपण जाणतो. तरुणांच्या मरणाने त्याचे अंतःकरण कळवळले. पौलाने थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात शोक करण्याची मनाई केलेली नाही. आशाहीनांसारखा शोक करण्याची मनाई केली आहे. म्हणून कोणा मातेचे अश्रू पाहून तिच्या विश्वासाचे माप घेऊ नका.

आपल्याकडे दुःखाच्या घरी पहिले पंधरा दिवस माणसांची रीघ असते. भाकऱ्या येतात, गीते होतात, शास्त्र वाचले जाते. पुढे पेरण्या येतात आणि जो तो आपल्या कामास लागतो. लूथर यांस तीन वर्षांनीही विसर पडला नाही, तर आपल्या शेजारणीस तीन महिन्यांत कसा पडावा? तेव्हा वर्ष लोटल्यावर जा. मुलाच्या जन्मदिवशी जा. त्याचे नाव घ्या. आणि ज्या रविवारी त्या घरच्यांच्या तोंडून गीत निघत नाही, त्या रविवारी त्यांच्याशेजारी बसून तुम्ही गा. त्यांच्याऐवजी उपकार माना, त्यांच्याऐवजी पुनरुत्थानाचा अंगीकार करा. मंडळी ही एक शरीर आहे असे आपण म्हणतो. ते याच वेळी खरे ठरते.

कित्येक वर्षांनी आम्ही त्या मातेच्या घरी पुन्हा गेलो, ही कथा तिला सांगितली, व आपली चूक कबूल केली. ती बराच वेळ गप्प बसली. मग तिने आपल्या मुलाचे नाव घेऊन, तो लहानपणी कसा होता, हे सांगावयास आरंभ केला. ती सांगत होती आणि रडत होती, आणि आम्ही ऐकत होतो. संध्याकाळ झाल्यावर तिने स्वतःच प्रार्थना करावयास सांगितले.

ज्या कोणाच्या घरी अशी रिकामी जागा असेल, त्या प्रत्येकाजवळ जिवंत प्रभू राहो, आणि त्याची मंडळीही राहो. आमेन.